लाल रंगावरचा पगडीवाला आणि तळाशी 'बॉम्बे'

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पोस्टरचे तुम्ही तीन फोटो पाठवलेत आणि चार गोष्टी विचारल्यात. हा पगडीवाला कोण? तळाशी बारीक इंग्रजीत 'बॉम्बे' आहे, म्हणजे हे मुंबईत छापलं का? खरं जुनं आहे की नंतरची नक्कल? आणि लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर माझं बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही दुकानात जाऊन याल. लॅमिनेट करू नका. सेलोटेप नको, फेविकॉल नको, मागून पुठ्ठा चिकटवणंही नको. आता सावकाश बोलू.

मी कागद दुरुस्त करणारा माणूस. गिरगावात वडिलांचा छोटा छापखाना होता, तिथे शाईच्या वासात वाढलो. पुढे तीसेक वर्षं जुनी छापील चित्रं, नकाशे, नाटकांच्या जाहिराती यांना अस्तर लावण्यात गेली. जादूच्या पोस्टरांचा नाद त्यातूनच लागला.

तुमचा पगडीवाला म्हणजे अलेक्झांडर, 'सगळं जाणणारा माणूस'. पोस्टरवर त्याची हीच बिरुदावली असते. पगडी पाहून कुणी त्याला आपल्याकडचा समजतं, पण त्याचं खरं नाव क्लॉड अलेक्झांडर कॉन्लिन. जन्म १८८० मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला, मृत्यू १९५४ मध्ये सिअ‍ॅटलला. प्रेक्षकांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाकिटात बंद करायचे आणि याने स्फटिकाच्या गोळ्यात पाहून उत्तरं द्यायची, असा त्याचा खेळ. हरवलेली अंगठी कुठे आहे, नवरा परत येईल का, युद्धावर गेलेला मुलगा जिवंत आहे का, असले प्रश्न. पाकीट न फोडता चिठ्ठी वाचण्याची सगळ्यात साधी युक्ती जादूगारांत फार जुनी आहे. पहिल्या पाकिटाचं उत्तर बनावट द्यायचं, मग ते पाकीट 'खात्री करण्यासाठी' फोडून त्यातला प्रश्न मनात वाचून घ्यायचा आणि तो दुसऱ्या पाकिटाचा म्हणून सांगायचा. असं एक पाऊल पुढे राहत शेवटपर्यंत जायचं. गंमत म्हणजे याच अलेक्झांडरने १९२१ मध्ये परलोकाशी बोलणाऱ्या माध्यमांच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक स्वतः छापलं. एका हाताने पगडी बांधायची आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्यांच्या पगड्या उडवायच्या. त्या काळात यात कुणाला विसंगती वाटत नसे. का वाटत नसे, हे कळलं की ही सगळी पोस्टरं वाचता येतात.

सुरुवात १८४८ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात मार्गारेट आणि केट फॉक्स या बहिणींच्या घरात रात्री टकटक ऐकू येऊ लागली. प्रश्न विचारला की टकटकीतून उत्तर यायचं. थोड्याच वर्षांत 'मेलेल्यांशी बोलणं' हा अमेरिकेत धर्मही झाला, करमणूकही झाली आणि धंदाही. १८८८ मध्ये मार्गारेटने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभं राहून पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले आणि टकटक कुठून येत होती ते सांगितलं. पुढच्याच वर्षी तिने ती कबुली मागे घेतली. तोवर मध्ये चाळीस वर्षं गेली होती आणि अमेरिकेचं यादवी युद्धही होऊन गेलं होतं. ज्या घरातला मुलगा परत आलेला नसतो, त्या घराला बोटांच्या सांध्यांचं शास्त्र सांगून काही उपयोग होत नाही.

माध्यमांच्या बैठका घरात, अंधारात आणि दहा-बारा माणसांत होत. त्या नाट्यगृहात आणल्या डेव्हनपोर्ट बंधूंनी. बफेलो शहरातले आयरा आणि विल्यम हे दोन भाऊ रंगमंचावर एक मोठं लाकडी कपाट ठेवत. कपाटात समोरासमोर बसायचं, प्रेक्षकांतल्या माणसांनी हातपाय दोरीने बांधायचे, मध्ये गिटार, घंटा, डफ वगैरे ठेवायचे आणि दारं लावायची. लगेच वाद्यं वाजू लागत, झरोक्यातून हात बाहेर येत. दारं उघडली की भाऊ बांधलेलेच. हे आत्मे करतात असं भाऊ स्वतः म्हणत नसत. ते सांगायला सोबत एक धर्मोपदेशक असे, तो आधी गंभीर भाषण करी. मला ही युक्ती दोरीच्या युक्तीपेक्षा मोठी वाटते. १८६५ मध्ये लिव्हरपूलला दोन प्रेक्षकांनी अशा गाठी मारायला घेतल्या की भावांनी खेळच नाकारला. लोक चिडले आणि कपाटाचे तुकडे झाले.

त्याच वर्षी चेल्टनहॅम गावात जॉन नेव्हिल मॅस्केलिन नावाचा तरुण घड्याळजी हा खेळ पाहायला बसला होता. त्याच्या सांगण्यानुसार खिडकीचा पडदा क्षणभर सरकला, उन्हाची तिरीप कपाटात पडली आणि मोकळ्या हाताने वाद्य फेकणारा आयरा त्याला दिसला. काही महिन्यांत त्याने जॉर्ज कुक या मित्राबरोबर तसंच कपाट करून तोच खेळ दिवसाउजेडी, आत्म्यांशिवाय करून दाखवला. १८७३ पासून पुढची तीसेक वर्षं लंडनच्या पिकाडिलीवरचा इजिप्शियन हॉल ही त्याची जागा होती. म्हणजे माध्यमाचं पितळ उघडं पाडण्यातून एक अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. अमेरिकेतला हॅरी केलर तर डेव्हनपोर्टांकडे नोकरीलाच होता. कपाटाचं गुपित तिथे शिकला आणि नंतर स्वतः मोठा जादूगार झाला. १८९४ चं त्याचं एक पोस्टर खास या कपाटावरच आहे.

केलरचा एक किस्सा आपल्या देशातला आहे, म्हणून सांगतो. जानेवारी १८८२ मध्ये तो कलकत्त्यात होता आणि त्याच वेळी तिथे विल्यम एग्लिंटन हा इंग्रज माध्यम पाटीवर आत्म्यांचे संदेश उमटवून दाखवत होता. केलर बैठकीला गेला आणि हे हातचलाखीने कसं करता येईल ते मला सांगता येत नाही, असं त्याने वृत्तपत्राला लिहून दिलं. पुढे अमेरिकेत याच पाटीच्या युक्त्या तो स्वतः करून दाखवू लागला आणि जुनं मत बदललं. एग्लिंटनचे भक्त मात्र कलकत्त्याचं पत्रच पुढे करत राहिले. मुंबईही या सगळ्यापासून लांब नव्हती. अमेरिकेत व्हरमाँटच्या एका शेतघरात माध्यमांच्या बैठका पाहताना भेटलेले, थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांचा पहिला मुक्काम आमच्या गिरगावातच होता. आपल्याकडे उलटी वाटी आणि कागदावरची अक्षरं घेऊन जे 'प्लँचेट' चालतं, त्याचं नावसुद्धा फ्रान्समधल्या त्याच लाटेतून आलेलं आहे. तुमची आजी या चित्राला 'प्लँचेटवाला' म्हणायची ना? अगदीच चूक नव्हती.

आता पोस्टरांकडे येतो. १८९० नंतर अमेरिकेत सिनसिनाटीची स्ट्रोब्रिज, क्लीव्हलंडची ओटिस आणि जर्मनीत हॅम्बुर्गची फ्रीडलेंडर या छापखान्यांनी जादूगारांसाठी जे रंगीत काम केलं, त्याला तोड नाही. हे सगळं शिळाछापाचं काम. बव्हेरियातल्या झोलनहोफेनच्या चुनखडीची गुळगुळीत शिळा घ्यायची, तेलकट खडूने तिच्यावर उलटं चित्र काढायचं आणि शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या जागी बसतं, शाई तेलकट जागी. एका रंगाला एक शिळा. चेहऱ्यावरची सावली काळ्याने येत नाही. फिका गुलाबी, फिका निळा, पिवळसर असे ठिपके एकमेकांत मिसळून ती उभी राहते. काम संपलं की शिळा घासून पुढच्या चित्राला घ्यायची. मूळ शिळाच उरत नाही, त्यामुळे 'जुन्या शिळांवरून पुन्हा छापलंय' असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

ही कला आपल्याला परकी नाही. पुण्याच्या चित्रशाळेत १८७८ पासून आणि रविवर्मा प्रेसमध्ये १८९४ पासून हेच तंत्र होतं, आधी मुंबईत आणि मग मळवलीला. देवघरातल्या जुन्या लक्ष्मीच्या गालावर भिंग धरा आणि मग केलरच्या गालावर. कारागिराचा हात एकाच शाळेतला वाटेल.

केलरच्या १८९४ च्या एका पोस्टरवर त्याच्या खांद्यांवर दोन छोटे लाल सैतान बसून कानात कुजबुजताना दाखवले आहेत. पुढे ते सगळ्यांनीच उचलले. थर्स्टन, कार्टर या नंतरच्या जादूगारांकडेही आहेत. लोक मला विचारतात, याला धार्मिक अर्थ आहे का? मला तसं वाटत नाही. तो नाटकातला सैतान आहे, आत्मा सैतानाला विकणाऱ्या फाउस्टच्या गोष्टीतला. मिशा पिळलेला, जरा विनोदी. त्याचं काम एवढंच, की या माणसाला कुणीतरी काहीतरी सांगतंय असं बघणाऱ्याला वाटावं. कोण सांगतंय, खरंच सांगतंय का, हे पोस्टर बोलत नाही.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. या काळातलं चांगलं पोस्टर कधीच उत्तर देत नाही, ते प्रश्न विकतं. १९०८ मध्ये केलरकडून वारसा घेतलेल्या हॉवर्ड थर्स्टनच्या १९१५ च्या सुमाराच्या पोस्टरवर तो हातात कवटी घेऊन उभा आहे, भोवती आकृत्या तरंगतायत आणि मजकूर आहे, 'आत्मे परत येतात का?' चार्ल्स कार्टरच्या पोस्टरवर, 'मेलेले प्रकट होतात का? सर्व काळांतला खिळवून ठेवणारा प्रश्न.' अलेक्झांडरचा दावा तर 'जाणतो' एवढाच आहे. काय जाणतो, कुणाकडून, ते तुम्ही तिकीट काढून ठरवा. श्रद्धावान माणूस आत जातो कारण उत्तर 'हो' असेल, आणि संशयी माणूस जातो कारण युक्ती पकडायची असते. दोघांचं तिकीट सारख्याच किमतीचं. जादूगार स्वतः माध्यमांचा उपहास करणारा असला तरी त्याच्या छापखान्याला प्रश्नचिन्ह पुसायला सांगत नाही. अलेक्झांडरला विसंगती का वाटली नाही, त्याचं उत्तर हेच.

याला अपवाद हूडिनी, बेड्यांतून सुटून दाखवणारा प्रसिद्ध जादूगार. १९१३ मध्ये आई गेली तेव्हापासून तो खरं माध्यम शोधत होता, असं म्हणायला हरकत नाही. १९२२ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला शेरलॉक होम्सचे लेखक आणि आत्म्यांवर विश्वास ठेवणारे आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने त्याच्या आईचा 'संदेश' लिहून दिला. तो होता इंग्रजीत, कागदाच्या डोक्यावर क्रूसाची खूण काढून. हूडिनीची आई यहुदी रब्बीची बायको आणि तिला इंग्रजी नीट येतच नव्हतं. डॉइल यांच्याशी मैत्री तिथून आंबली. दोन वर्षांनी बॉस्टनची माध्यम 'मार्जरी', म्हणजे मीना क्रँडन, हिच्या बैठकांत तो परीक्षक म्हणून बसला. मग शेवटच्या दोन हंगामांत त्याने आपल्या संध्याकाळच्या खेळाचा एक पूर्ण भाग माध्यमांच्या लबाड्या दाखवायला दिला. गावात पोचण्याआधी त्याची माणसं वेश पालटून तिथल्या माध्यमांकडे जाऊन आलेली असत. १९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकासाठी त्याने वॉशिंग्टनमध्ये साक्षही दिली. त्या दौऱ्याच्या पोस्टरवर छापलंय, 'आत्मे परत येतात का? हूडिनी म्हणतो, नाही, आणि सिद्ध करून दाखवतो.' हे पोस्टर शिळाछापाचं नाही. त्यात कवटी नाही, सैतान नाही, धुक्यातल्या बायका नाहीत. नुसते जाड खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, जुळवून छापलेलं, निवडणुकीच्या भित्तिपत्रकासारखं. पैशाची बचत हे एक कारण असेलच. पण उत्तर आधीच ठरलेलं असलं की चित्रकाराला काढायला फारसं उरतही नाही. संग्राहक आज त्यावर तुटून पडतात ते हूडिनीच्या नावामुळे. भिंतीवर लावायला मी थर्स्टनच घेईन.

कार्टरबद्दल एक गोष्ट राहिली. जगाचे अनेक दौरे करणारा हा माणूस फेब्रुवारी १९३६ मध्ये दौऱ्यावर असताना आपल्या मुंबईतच वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये थर्स्टनही गेला. बोलपट येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, संध्याकाळभराची जादू आणि तिचे रेल्वेचे डबे भरून जाणारे कागद दोन्ही संपत आले होते.

तर तळाची ओळ. अलेक्झांडरच्या अनेक पोस्टरांवर 'अव याग, बॉम्बे' असा मुद्रकाचा उल्लेख असतो. तुमच्या फोटोत शेवटची अक्षरं धूसर आहेत, पण तीच ओळ असावी. ती वाचून 'हे मुंबईचं काम' असं मी प्रमाणपत्रात लिहिणार नाही. मुंबईत असं काम होऊ शकत होतं याबद्दल शंका नाही, रविवर्मा प्रेसचं वर सांगितलंच. पण ज्याची सगळी रोजीरोटी पगडीवर आणि पूर्वेच्या गूढावर आहे, त्याच्या चित्राखाली 'बॉम्बे' असणं हा चित्राचाच भाग होऊ शकतो. त्या ओळीला मी पत्ता न मानता पोशाख मानतो. त्यामुळे आजोबांनी ते मुंबईत घेतलं असेल, असा धागा या ओळीवरून जोडू नका. आजोबा कुठे कुठे नोकरीला होते ते पाहा, बोटीवर होते का तेही.

खरं-खोटं तपासायला दहापट मोठं करणारं भिंग पुरतं. गालाचा भाग पाहा. अगदी सरळ रांगांत, एका मापाचे ठिपके दिसले, फुलासारखी नक्षी दिसली, तर ती फोटोवरून केलेली ऑफसेट नक्कल. १९७० नंतर अशा नकला ढिगाने निघाल्या आणि त्यांतल्या जुन्याही आता पन्नाशीच्या झाल्यात, त्यामुळे कागद पिवळा दिसतो म्हणून फसू नका. शिळाछापात दाणा वेडावाकडा असतो, खडू खरबरीत दगडावरून फिरल्यासारखा, किंवा हाताने टिपलेले लहानमोठे ठिपके असतात. सपाट लाल रंगात शाईचा किंचित जाड थर उजेडात तिरकं धरल्यावर जाणवतो. कडेला रंगजुळणीच्या बारीक फुल्या सापडल्या तर आनंद माना. मग माप घ्या. एका तावाचं पोस्टर साधारण २८ बाय ४२ इंचांच्या आसपास असतं, दुकानाच्या खिडकीत ठेवायचा पुठ्ठा १४ बाय २२. नकला बहुतेक वेळा भलत्याच मापाच्या असतात. स्ट्रोब्रिजच्या किंवा कार्टर-थर्स्टनच्या चित्राशी ताडून पाहायचं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांतली बरीच मोठ्या आकारात विनामूल्य पाहायला ठेवली आहेत.

किंमत विचारू नका असं म्हणणार नाही, पण आकडा मी देत नाही. अलेक्झांडरची पोस्टरं दुर्मीळ नाहीत, जगाच्या बाजारात ती बऱ्यापैकी फिरतात. रंग ताजे आहेत का, घड्यांवर कागद फाटलाय का, चेहऱ्यावर डाग आहे का, यावर सगळं ठरतं. कुणी परदेशातला गिऱ्हाईक भेटला तर घाई नको. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा, मग बोलणी.

जपायचं कसं? हा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच्या आम्लाने स्वतःला खाणारा. त्यात आपली हवा दमट, वर कसर आणि वाळवी. ट्रंकेत इतकी वर्षं टिकला तो अंधारामुळे. गुंडाळी एकदम सरळ करू नका, कडकडून तुटेल. पावसाळ्यात तर हातच लावू नका. मी करतो ते असं: आधी मऊ ब्रशाने धूळ काढायची, मग प्रत्येक रंग पाण्याला सुटतो का ते टाचणीएवढ्या जागी बघायचं, आणि मगच दमट टीपकागदांमध्ये दोन दिवस सैल होऊ द्यायचं. नंतर मागून जपानी पातळ कागद, गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने. खळ पुन्हा पाण्याने सुटते, म्हणून ती. एका गिऱ्हाइकाने हौसेने घरीच फेविकॉलने प्लायवूडवर डकवलेलं एक नाटकाचं भित्तिपत्रक माझ्याकडे आलं होतं. अडीच महिने लाकूड मागून तासत बसलो तरी नटीचा डावा हात वाचला नाही. काही जण मांजरपाटावर चढवतात, मोठ्या पोस्टरला ते ठीक, पण एका तावाच्या पोस्टरला मला कागदच बरा वाटतो. चौकट करायचीच तर काच चित्राला टेकू देऊ नका, ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. चेहऱ्यावरचा फिका गुलाबी आधी उडतो आणि पगडीवाला कावीळ झाल्यासारखा दिसतो.

आता एक काम करा. दुपारच्या उजेडात, ऊन अंगावर न घेता, तळाच्या ओळीचा जवळून एक फोटो काढा आणि पोस्टरच्या मागच्या बाजूचा एक. मागे खळीचे जुने डाग किंवा विटांच्या भिंतीची खरखर असेल, तर हे कुठेतरी खरंच चिकटवलेलं होतं आणि कुणीतरी ते ओलं करून, जपून, सोलून काढलं. मागची बाजू कोरी असेल तर ते भिंतीवर कधी चढलंच नाही.